त्र्याहत्तरावं इंजिन

मार्च १९६९मध्ये हावडा आणि नवी दिल्लीदरम्यान पहिली राजधानी एक्स्प्रेस धावली. ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग आणि १७ तास २० मिनिटांत प्रवास पूर्ण. त्या गाडीचं कौतुक खूप झालं. ती ओढणाऱ्या डिझेल इंजिनाचं नाव मात्र आज रेल्वेवेड्यांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नाही. ते होतं डब्ल्यूडीएम-४. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने बनवलेलं, २,६०० अश्वशक्तीचं. अशी ७२ इंजिनं भारतात आली आणि मुगलसराय शेडच्या पदरी पडली.

त्र्याहत्तरावं चिंचवडमधल्या एका फ्लॅटच्या बंद केलेल्या बाल्कनीत तयार होतंय. वीतभर लांबीचं.

सुट्टीत मुलांना काय दाखवाल, अशा सदरासाठी संपादकांनी मला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात पाठवलं होतं. तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांशी गप्पा निघाल्या आणि त्यातून या बाल्कनीचा पत्ता मिळाला. त्या बाल्कनीतले काका निवृत्त टूलरूम फिटर. नाव छापू नका म्हणाले, कामाबद्दल मात्र भरभरून बोलले.

डब्ल्यूडीएम-४चं तयार मॉडेल दुकानात मिळत नाही. मग जवळच्या नात्यातलं मॉडेल विकत घ्यायचं, ते कापायचं, दुसऱ्या किटचे भाग जोडायचे आणि उरलेलं स्वतः घडवायचं. हौशी मंडळी याला किटबॅशिंग म्हणतात. इथे नातं सरळ आहे. डब्ल्यूडीएम-४ हे जनरल मोटर्सच्या एसडी-२४ या इंजिनाचं निर्यातीसाठी बदललेलं रूप. अमेरिकेत एसडी-२४ १९५८पासून बनत होतं आणि त्याचं एचओ मापातलं मॉडेल अॅटलास कंपनीने काढलं होतं. काकांनी त्यातलंच एक जुनं मॉडेल मिळवलं.

खऱ्या इंजिनाची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९६२मध्ये जनरल मोटर्सचं हे इंजिन आणि आल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ अशी दोन्ही भारतात आली. आल्कोने तंत्रज्ञान द्यायची तयारी दाखवली, वाराणसीच्या कारखान्यात १९६४पासून डब्ल्यूडीएम-२ बनू लागलं आणि पुढे त्याची संख्या अडीच हजारांवर गेली. डब्ल्यूडीएम-४ बहात्तरावरच थांबलं. इंजिन म्हणून ते कमी पडलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या वाट्याला आलेलं विस्मरण मला टोचतं.

एचओ मापात खरा एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. हा आकडा काकांच्या टेबलासमोर भिंतीवर लिहिलेला आहे, कारण सगळा झगडा त्याच्याशीच आहे. अमेरिकेत पंधरा फुटांचं इंजिन सहज धावतं. आपल्या ब्रॉडगेजवर गाडीची उंची ४,२६५ मिलिमीटरच्या, म्हणजे चौदा फुटांच्या वर जाता कामा नये. म्हणजे मॉडेलची बॉडी साधारण साडेतीन मिलिमीटरने बुटकी करायची.

“खालून कापलं तर दारांच्या कड्या जातात. वरून कापलं तर छताचा गोलवा जातो. मग राहिलं काय?” काकांनी विचारलं आणि उत्तर म्हणून बॉडी माझ्या हातात दिली. त्यांनी मधूनच एक पट्टा काढला होता, दारांच्या सपाट भागातून, बॉडीच्या संपूर्ण लांबीभर. आधी मास्किंग टेप लावून दोन रेषा आखल्या. मग बारीक दात्यांच्या करवतीने, एका वेळी थोडंसंच, प्लॅस्टिक तापून वितळू न देता कापत गेले. रेषेच्या जरा बाहेरून कापलं आणि उरलेलं कानशीने उतरवलं, दर दोन-चार घासांनंतर व्हर्निअर लावून. दोन्ही तुकडे जोडताना दारांच्या उभ्या फटी वर-खाली तंतोतंत जुळल्या पाहिजेत. केसभर चूक झाली तरी सगळी दारं वाकडी दिसतात. मी भिंगातून पाहिलं. सांधा कुठे आहे हे काकांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हाच कळलं. आयुष्यभर लोखंडात मिळवलेला हात प्लॅस्टिकवर असा चालताना पाहणं फार आनंदाचं होतं.

केबिन कापून बुटकी करता येईना, खिडक्यांचं प्रमाण बिघडत होतं. ती अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरिन शीटमधून नव्याने उभी केली. कठड्यांसाठी पितळी तार.

बॉडी बुटकी झाली आणि आतल्या यंत्राने अंग दाखवलं. मोटरच्या वरचं धातूचं वजन छताला लागू लागलं. ते घासावं तर इंजिन हलकं होतं, चाकं जागच्या जागी फिरतात आणि डबे ओढले जात नाहीत. काकांनी वजन घासलंच आणि जेवढं गेलं तेवढं शिसं डिझेलच्या टाकीत आणि दोन्ही टोकांच्या पोकळीत भरलं. त्यातही पुढचं-मागचं वजन सारखं हवं, नाहीतर एक बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा संच, ओढते आणि दुसरी नुसती सोबत जाते.

बफरचं दुखणं वेगळं. अमेरिकन इंजिनाला बाजूचे बफर नसतातच. युरोपीय मॉडेलचे तयार बफर आणून लावावेत, तर त्यांच्यातलं अंतर वीस मिलिमीटर. आपल्याकडचं मापात काढलं तर साडेबावीसच्या आसपास. मग बफरची आडवी पट्टीही घरीच बनवायची.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर एचओत उतरवले तर सव्वाएकोणीस होतात. बाजारातला रूळ साडेसोळाचा. खरं अंतर ठेवायचं तर आस, बोगी, रूळ, सांधे सगळं हाताने करावं लागेल आणि हे इंजिन दुसऱ्या कुणाच्याही रुळावर धावणार नाही. अरुंद ठेवलं तर समोरून पाहताना चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. काकांनी सध्या साडेसोळाच ठेवलंय, पण तो विषय निघाला की ते गप्प होतात.

त्याहून मोठी अडचण माहितीची. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही इंजिनं सेवेतून गेली. काकांच्या फाइलमध्ये बाजूने घेतलेले फोटो आहेत, छताचा एकही चांगला नाही. पंख्यांमधलं अंतर त्यांनी पुलावरून घेतलेल्या एका तिरप्या फोटोवरून, भूमितीने काढलंय. बरेचसे फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंग कोणता द्यायचा यावर त्यांचं मन ठरत नाही. अंदाजाने रंगवायला ते तयार नाहीत आणि मला त्यांचा हा हट्ट पूर्ण पटतो. ज्या यंत्राची माणसांना आठवण नाही, त्याची चुकीची प्रतिकृती पुढे खरी म्हणून पाहिली जाते.

म्हणून वाचकांना एक विनंती. मुगलसरायला, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, तुमच्या घरातलं कुणी लोको शेडमध्ये किंवा फूटप्लेटवर नोकरीला असेल, तर कपाटातले जुने अल्बम एकदा उघडा. मागे उभ्या इंजिनाचा रंगीत फोटो सापडला, तर त्याच्या पाठीवर साल आणि इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवा. छत दिसत असेल, तर या मासिकाच्या पत्त्यावर त्याची प्रत जरूर पाठवा.