पैसे गेले, निरोप राहिला
संगणकीय संदेशांच्या रांगेची ओळख

दिवाळी आठवड्यावर आली आहे. गुरुग्राममध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने नोएडातील एका गृहउद्योगाच्या संकेतस्थळावर चकली, अनारसे आणि चिवडा यांची मागणी नोंदविली, अशी कल्पना करू या. यूपीआयद्वारे १,२०० रुपये चुकते केले. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश बँकेकडून तत्काळ आला. संकेतस्थळ मात्र ‘रक्कम प्राप्त झालेली नाही’ असेच दाखवीत राहिले. आता पैसे पुन्हा भरावेत की वाट पाहावी? दुसरीकडे, फराळ करणाऱ्या भगिनींना ही मागणी आल्याचे ठाऊकच नाही. अशा वेळी रक्कम बहुधा सुरक्षित असते. वाटेत अडलेला असतो तो निरोप. हा अडलेला निरोप पुन्हा कसा पोहोचविला जातो, हे प्रत्येक ग्राहकाने जाणून घेण्याजोगे आहे.

निरोपाचा प्रवास

आपण रक्कम भरली की देयक स्वीकारणारी मध्यस्थ संस्था विक्रेत्याच्या संगणकाला आपण होऊन कळविते, ‘अमुक मागणीचे पैसे मिळाले.’ या स्वयंचलित निरोपाला ‘वेबहुक’ म्हणतात. जेफ लिंडसे या संगणकतज्ज्ञाने २००७ साली हा शब्द रूढ केला. निरोप मिळाल्यावर विक्रेत्याच्या संगणकाने काही सेकंदांत पोच द्यावयाची असते. परंतु सणासुदीच्या गर्दीत तो संगणक थकला, बंद पडला किंवा त्याची जोडणी तुटली, तर पोच मिळत नाही. निरोप धाडणाऱ्याने तेथेच विषय सोडून दिला, तर मागणी कायमची अधांतरी राहते. म्हणून पुन्हा प्रयत्न करणे भाग असते.

घाईचे दुष्परिणाम

हा पुन:प्रयत्न कसा करावा, यातच सारे मर्म आहे. पोच मिळाली नाही म्हणून दर सेकंदाला तोच निरोप धाडत राहिल्यास आधीच थकलेला संगणक सावरण्याऐवजी अधिकच कोलमडतो. बंद दारावर शंभर जणांनी एकाच वेळी थापा मारल्या, तर आतल्या माणसाला दार उघडणेही कठीण व्हावे, तसाच हा प्रकार.

याचा अनुभव साऱ्या देशाने शनिवार, दि. १२ एप्रिल २०२५ रोजी घेतला. त्या दिवशी यूपीआयचे व्यवहार दिल्लीपासून देशभर काही काळ खोळंबले. ‘या व्यवहाराचे काय झाले?’ अशी विचारणा काही बँकांच्या यंत्रणांकडून प्रचंड संख्येने, जुन्या व्यवहारांबाबतही वारंवार होत राहिली आणि त्या भाराने मुख्य यंत्रणा मंदावली, असे भारतीय राष्ट्रीय देयक निगमाच्या तपासात आढळले. वेबहुकमध्ये निरोप आपण होऊन येतो, येथे उत्तर मागावे लागत होते, एवढाच फरक. न थांबता पुन:पुन्हा ठोठावण्याचा दोष मात्र तोच. त्यानंतर निगमाने अशा विचारणेवर बंधने घातली. पहिल्या विचारणेपूर्वी ठरावीक काळ थांबावे आणि दोन तासांत तीनपेक्षा अधिक वेळा विचारू नये, असा त्यांचा आशय होता.

रांगेचे कार्य

या घाईवर संगणकशास्त्राने योजलेला उपाय बँकेच्या ग्राहकांना अपरिचित नाही. तो म्हणजे रांग. निरोप थेट विक्रेत्याकडे न धाडता प्रथम एका सुरक्षित संदेश-रांगेत नोंदविला जातो. ही रांग ‘क्लाऊड’मध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या दूरस्थ संगणकांवर असते. ॲमेझॉनने अशी सेवा २००६ पासून सर्वांसाठी खुली केली. तीत निरोप एरवी चार दिवस आणि सांगितल्यास चौदा दिवसांपर्यंत जपून ठेवता येतो. गूगलने जुलै २०२१ मध्ये दिल्ली परिसरात आपले क्लाऊड केंद्र सुरू केले. त्यामुळे नोएडातील निरोपाची रांग आता राजधानीच्या परिसरातही राहू शकते.

रांगेतून निरोप पाठविला आणि पोच आली नाही, तर तो खोडला जात नाही. काही काळाने पुन्हा पाठविला जातो. प्रत्येक अपयशानंतर प्रतीक्षा वाढविली जाते : आधी दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस, असे करीत दहा मिनिटांपर्यंत. शिवाय प्रत्येक निरोपाच्या वेळेत थोडा अनियमित फरक ठेवतात. अन्यथा एकाच क्षणी अडलेले सहस्र निरोप पुन्हा एकाच क्षणी दारात उभे राहतील.

ठरलेले सर्व प्रयत्न फसले तर? टपाल खात्यात पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ असे. संदेश-रांगेलाही त्याच नावाची एक वेगळी रांग जोडलेली असते. न पोहोचलेले निरोप तेथे ठेवले जातात आणि जबाबदार कर्मचारी ते स्वत: तपासतो. निरोप हरवत नाही. तो माणसाच्या नजरेस येतो.

एकच निरोप दोनदा आला तर?

पुन:प्रयत्नाची दुसरी बाजूही आहे. विक्रेत्याच्या संगणकाने निरोप नोंदविला, पण पोच वाटेत हरवली, तर तोच निरोप पुन्हा येतो. यामुळेच अशा बहुतेक सेवा ‘किमान एकदा’ पोहोचविण्याची हमी देतात, ‘एकदाच’ची नव्हे. एका रकमेवर फराळाचे दोन डबे जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. तो क्रमांक आधीच नोंदलेला असल्यास विक्रेत्याची यंत्रणा पोच देते, पण नवी नोंद करीत नाही. एकाच क्रमांकाचे व्हाउचर दोनदा समोर आल्यास रोखपाल जी दक्षता घेतो, तीच ही. दिवसअखेर बँकेची यादी आणि विक्रेत्याची वही ताडून पाहिली, तर उरलीसुरली तफावतही उघड होते. लहान व्यावसायिकांनी हा ताळमेळ कधीही टाळू नये.

ग्राहकांनी काय करावे?

यंत्रांना शिकविलेला संयम आपल्यालाही उपयोगी आहे. रक्कम वजा होऊनही विक्रेत्याकडे नोंद दिसत नसल्यास लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. दुसरे देयक हा नव्या क्रमांकाचा स्वतंत्र व्यवहार असतो. त्यामुळे यंत्रणा तो पुनरावृत्ती म्हणून ओळखू शकत नाही. काही मिनिटे थांबावे, ॲपमधील व्यवहाराची स्थिती पाहावी आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक विक्रेत्यास कळवावा.

रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयद्वारे दुकानदारास दिलेली रक्कम खात्यातून वजा झाली, पण त्याची पुष्टी दुकानदारास मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय असून ती तक्रारीची वाट न पाहता द्यावयाची असते. तरीही दाद न मिळाल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. इंटरनेटवर शोधलेल्या अनोळखी ‘मदत क्रमांका’वर मात्र दूरध्वनी करू नये, घाबरलेल्या ग्राहकाला गाठण्यासाठी भामटे तेथेच टपलेले असतात.

गुरुग्रामच्या त्या कुटुंबाने दहा मिनिटे धीर धरला, तर रांगेत थांबलेला निरोप बहुधा नोएडाला पोहोचेल आणि फराळाचा डबा एकदाच, एकाच रकमेत घरी येईल.