एका डेटाबेसमधून दुसरा डेटाबेस उघडताना : कोडमधील दोषांचे निदान

१. प्रास्ताविक

‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’ हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आले. लहान कार्यालये, विभाग आणि संशोधन प्रकल्प यांची माहिती साठवण्यासाठी ते आजही वापरले जाते. प्रवेश विभागाची एक फाइल, परीक्षा विभागाची दुसरी, जुन्या नोंदींची तिसरी अशी विभागणी झाली, की एका फाइलमधील कोडने दुसरी फाइल उघडावी आणि तिच्यातील नोंदी वाचाव्यात अथवा बदलाव्यात, ही गरज ओघानेच निर्माण होते. असा कोड अनेकदा विभागातीलच एखाद्या प्राध्यापकाने किंवा लिपिकाने लिहिलेला असतो. तो बंद पडला, म्हणजे ‘फाइल उघडत नाही’ एवढीच तक्रार केली जाते. परंतु या एका वाक्यात परस्परांहून अगदी भिन्न असे अनेक दोष सामावलेले असतात. दोष नेमका कोणत्या पायरीवर आहे हे ओळखल्याविना केलेली दुरुस्ती बहुधा निष्फळ ठरते, आणि काही प्रसंगी मूळ दोषापेक्षाही अधिक हानी करते. प्रस्तुत लेखात या पायऱ्यांचा क्रमाने विचार केला आहे.

२. ‘उघडणे’ या क्रियेचे तीन अर्थ

पहिला अर्थ जोडणीचा. दुसऱ्या फाइलमधील तक्ता चालू फाइलशी जोडला, की तो तिचाच भाग असल्यासारखा वापरता येतो. मात्र जोडणीमध्ये मूळ फाइलचा पूर्ण पथ नोंदलेला असतो. फाइल हलवली, की जोडणी तुटते. शिवाय जोडलेला तक्ता ‘टेबल’ प्रकारच्या रेकॉर्डसेटमध्ये उघडता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास ३२१९ क्रमांकाची त्रुटी येते. त्यामुळे जोडलेल्या तक्त्यावर ‘सीक’ ही शोधाची पद्धतही चालत नाही.

दुसरा अर्थ इंजिनाद्वारे उघडण्याचा. डीएओ या संचातील ‘ओपनडेटाबेस’ ही आज्ञा केवळ माहितीपर्यंत पोहोचवते. पडद्यावर कोणतीही खिडकी उघडत नाही, प्रारंभीचा फॉर्म दिसत नाही आणि ‘ऑटोएक्झेक’ मॅक्रोही चालत नाही. ‘आज्ञा दिली, पण काहीच घडले नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा कोड निर्दोष असतो. वापरकर्त्याची अपेक्षा मात्र निराळी असते.

तिसरा अर्थ संपूर्ण ॲक्सेस पुन्हा सुरू करण्याचा. ‘क्रिएटऑब्जेक्ट’द्वारे ॲक्सेसची नवी प्रत सुरू करून तिच्यात ‘ओपनकरंटडेटाबेस’ ही आज्ञा दिली, की दुसऱ्या फाइलमधील फॉर्म, अहवाल आणि कार्यपद्धती वापरता येतात. केवळ नोंदी हव्या असतील, तर हा मार्ग अनावश्यक भार टाकणारा आहे. अहवाल छापायचा असेल, तर दुसरा मार्ग अपुरा पडतो. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘काय उघडायचे होते’ हा आहे.

३. उघडण्यापूर्वीचे अडथळे

त्रुटीचा क्रमांक हा दोषाचे स्थान दाखवणारा सर्वांत विश्वासार्ह पुरावा होय. ३०२४ म्हणजे फाइल सापडली नाही आणि ३०४४ म्हणजे पथ वैध नाही. या दोन्ही प्रसंगी सामायिक ड्राइव्हचे अक्षर तपासावे. एका संगणकावर जो ड्राइव्ह ‘झेड’ आहे, तो दुसऱ्यावर ‘वाय’ असू शकतो. कोडमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पथ दिल्यास हा दोष उद्भवत नाही.

३३४३ ही त्रुटी फाइलचे स्वरूप ओळखता आले नाही असे सांगते. जुने जेट इंजिन आणि ॲक्सेस २००७ पासून आलेले एसीसीडीबी स्वरूप यांचा मेळ नसणे, हे तिचे एक प्रमुख कारण आहे. फाइल खरोखरच खराब झाली असल्यासही हाच क्रमांक दिसतो. म्हणून दुरुस्तीचे साधन चालवण्यापूर्वी फाइलची प्रत काढून ठेवणे अगत्याचे आहे. याच्याशी निगडित असा आणखी एक दोष आहे. एडीओ पद्धतीने जोडणी करताना ‘जेट ४.०’ हा प्रोव्हायडर नमूद केलेला असेल आणि ऑफिस ६४-बिट असेल, तर ३७०६ ही त्रुटी येते, कारण हा प्रोव्हायडर केवळ ३२-बिट स्वरूपात उपलब्ध आहे. ६४-बिट ऑफिस २०१० पासून आले. म्हणून वर्षानुवर्षे चाललेला कोड नव्या संगणकावर अचानक थांबल्यास प्रथम ही शक्यता पाहावी.

३०४५, ३०५१ आणि ३३५६ हे क्रमांक फाइल दुसऱ्याच्या ताब्यात असणे किंवा पुरेसा अधिकार नसणे याकडे निर्देश करतात. फाइल सामायिकपणे उघडली, की इंजिन त्याच फोल्डरमध्ये एक कुलूप-फाइल तयार करते. तिचे विस्तारनाम जुन्या स्वरूपात एलडीबी व नव्या स्वरूपात एलएसीसीडीबी असते. म्हणून वापरकर्त्याला केवळ फाइलवर अधिकार असून भागत नाही. त्या फोल्डरमध्ये फाइल निर्माण करण्याचा, लिहिण्याचा आणि पुसण्याचाही अधिकार लागतो. पुसण्याचा अधिकार नसल्यास कुलूप-फाइल मागे राहते. तेव्हा ती दिसली म्हणजे कोणीतरी डेटाबेस वापरतच आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

पासवर्ड असलेल्या फाइलसाठी ३०३१ हा क्रमांक येतो. ‘ओपनडेटाबेस’मध्ये पासवर्ड हा चौथ्या घटकात, अर्धविरामाने सुरू होणाऱ्या जोडणी-वाक्यात द्यावा लागतो. तो भलत्या जागी दिल्यास पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो.

४. उघडल्यानंतर : ऑब्जेक्टचे आयुष्य

दुसरी फाइल क्षणभर दिसते आणि नाहीशी होते, असा अनुभव तिसऱ्या मार्गात अनेकांना येतो. कोडने सुरू केलेली ॲक्सेसची प्रत मुळात अदृश्य असते आणि ज्या चलात ती धरलेली असते, त्या चलाबरोबर तिचे आयुष्य संपते. चल कार्यपद्धतीच्या आत घोषित केलेले असेल, तर कार्यपद्धती संपताच ती प्रत बंद होते. चल मॉड्यूलच्या पातळीवर घोषित करणे, तसेच ‘व्हिजिबल’ आणि ‘यूजरकंट्रोल’ हे गुणधर्म सत्य करणे हा त्यावरील उपाय होय.

याच्या उलट दोषही आढळतो. मध्येच त्रुटी आल्याने कोड थांबतो, बंद करण्याच्या आज्ञेपर्यंत पोहोचतच नाही आणि अदृश्य प्रत मागे राहते. ती फाइल धरून ठेवते व पुढच्या प्रयत्नात ‘फाइल वापरात आहे’ असे उत्तर मिळते. टास्क मॅनेजरमध्ये ॲक्सेसची अनपेक्षित प्रत दिसल्यास हेच कारण संभवते. त्यासाठी बंद करण्याच्या आज्ञा अशा ठिकाणी लिहाव्यात, की यश असो वा अपयश, कोड तेथून गेलाच पाहिजे.

५. निःशब्द दोष

वरील सर्व दोष त्रासदायक असले, तरी ते स्वतःची जाणीव करून देतात. खरा धोका जे दोष काहीच बोलत नाहीत त्यांचा आहे. समजा, परीक्षा विभागाच्या चालू फाइलमधील कोडने जुन्या नोंदींची फाइल ‘ओपनडेटाबेस’ने उघडली आणि तिच्या ‘गुण’ तक्त्यातील चाचणीपुरत्या भरलेल्या नोंदी काढून टाकण्यासाठी ‘डूकमांड’ची ‘रनएसक्यूएल’ ही आज्ञा वापरली. ही आज्ञा नव्याने उघडलेल्या फाइलवर चालत नाही. ती चालू फाइलवरच चालते. चालू फाइलमध्येही ‘गुण’ नावाचा तक्ता असेल आणि इशारे आधीच बंद केलेले असतील, तर चालू वर्षाचे गुण पुसले जातील आणि कोणतीही त्रुटी येणार नाही. येथे उघडलेल्या डेटाबेसच्या चलावरील ‘एक्झिक्यूट’ हीच योग्य आज्ञा होय.

‘एक्झिक्यूट’ वापरतानाही ‘डीबीफेलऑनएरर’ हा पर्याय वगळू नये. समजा, २४० नोंदी पाठवल्या आणि त्यांतील ७ नोंदींचे आसनक्रमांक आधीच अस्तित्वात असले, तर या पर्यायाशिवाय त्या ७ नोंदी निमूटपणे गाळल्या जातात. पर्याय दिला असल्यास त्रुटी दिसते आणि पूर्ण कृती मागे घेतली जाते. किती नोंदींवर परिणाम झाला हे ‘रेकॉर्ड्सअफेक्टेड’ सांगते. मात्र ज्या चलाद्वारे आज्ञा चालवली, त्याच चलाला ते विचारावे. ‘करंटडीबी’ प्रत्येक वेळी नवे ऑब्जेक्ट देत असल्याने त्याला स्वतंत्रपणे विचारल्यास उत्तर शून्यच येते.

‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही आज्ञा या सर्व दोषांवर पांघरूण घालते. फाइल उघडली नाही, तरी पुढील प्रत्येक ओळ निष्फळ होत जाते आणि शेवटी ‘काम पूर्ण झाले’ असा संदेश झळकतो. निदानाच्या काळात ही आज्ञा काढून टाकणे हीच पहिली दुरुस्ती होय.

६. निदानाचा क्रम

(१) मूळ दोन्ही फाइलींच्या प्रती काढून निदान प्रतींवरच करावे. (२) त्रुटी लपवणाऱ्या आज्ञा काढून क्रमांक व संदेश नोंदवून ठेवावा. (३) ज्या संगणकावर आणि ज्या लॉगिनवर दोष आढळतो, तेथूनच फाइल हाताने उघडून पाहावी. हातानेही न उघडल्यास दोष कोडमध्ये नसून पथ, अधिकार किंवा स्वरूप यांत आहे. (४) फाइल हाताने उघडते पण कोडने उघडत नाही, असे असल्यास पथाचे वाक्य, पासवर्डची जागा व इंजिनाची आवृत्ती तपासावी. (५) कोडने उघडते पण अपेक्षित कृती होत नाही, असे असल्यास आज्ञा कोणत्या डेटाबेसवर चालत आहे हे पाहावे. (६) शेवटी नोंदींची संख्या आधी व नंतर मोजून ताळा घ्यावा.

७. समारोप

दुसरा डेटाबेस उघडणे ही एकच क्रिया भासत असली, तरी पथ, अधिकार, स्वरूप, पासवर्ड, ऑब्जेक्टचे आयुष्य आणि आज्ञेचे लक्ष्य अशा सलग पायऱ्यांनी ती बनलेली आहे. त्रुटीचा संदेश आला, की काम अडते. परंतु माहिती सहसा सुरक्षित राहते. संदेशाविना झालेली चूक मात्र गुणपत्रिकेपर्यंत पोहोचू शकते आणि तिचे मूल्य विद्यार्थ्याला मोजावे लागते. म्हणूनच कोड चालला एवढ्यावर समाधान न मानता तो योग्य फाइलवर व पूर्णपणे चालला याची खातरजमा करणे, हा निदानाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.