खाटेपाशी थांबणारा कोड

रात्रपाळीच्या सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डात शिरतात तेव्हा त्यांच्या हातात ट्रीटमेंट शीट असते आणि समोर खाटांच्या रांगा. शीटवरचा मजकूर डॉक्टरांच्या केस पेपरवरून कुणीतरी उतरवून घेतलेला असतो. स्टोअरमधून आलेली स्ट्रिप कातरीने कापून तिचे तुकडे ट्रेमध्ये पडलेले असतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन, मंठा, घनसावंगी अशा चारही दिशांनी आलेल्या पेशंटांत एकाच नावाआडनावाच्या दोन बायका असणं अजिबात नवलाचं नाही. दुपारी खाट बदललेली असते आणि हाक मात्र खाटेच्या नंबरानेच मारली जाते. जिल्ह्याच्या ठिकाणचं कुठलंही मोठं सरकारी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा, चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसेल. एवढ्या गर्दीत बहुतेक गोळ्या योग्य तोंडात पडतात, याचं श्रेय त्या सिस्टरांच्या स्मरणशक्तीला आणि सचोटीला आहे. पण माणसाच्या स्मरणशक्तीवर किती भार टाकायचा, हाही प्रश्न आहेच.

बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांत डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. औषधांच्या चुका नेमक्या कुठे होतात आणि कुठे पकडल्या जातात, हे त्यांनी पाहिलं. डॉक्टरांच्या हातून लिहिताना झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के पुढे कुणाच्या तरी नजरेस पडून थांबल्या होत्या. औषध प्रत्यक्ष देताना झालेली एकही चूक थांबली नव्हती. कारण उघड आहे. डॉक्टर चुकले तर पुढे फार्मासिस्ट आहे, सिस्टर आहे. सिस्टरच्या पुढे फक्त पेशंट असतो, आणि तो अर्धवट गुंगीत असतो किंवा विश्वासाने हात पुढे करून बसलेला असतो.

नेमक्या याच जागी उभं राहण्यासाठी खाटेपाशी वापरायचा स्कॅनर तयार झाला. त्याची कल्पना कुणा अभियंत्याची नव्हती, ती एका परिचारिकेची होती. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका इथे माजी सैनिकांचं रुग्णालय आहे. तिथल्या स्यू किनिक यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भाड्याची मोटार परत घेणारा कर्मचारी गाडीवरचा बारकोड छोट्या यंत्राने टिपताना पाहिला. गाडीची ओळख अशी क्षणात पटते, तर पेशंटची आणि त्याच्या औषधाची का पटू नये, हा त्यांचा प्रश्न होता. टोपेकात ती पद्धत उभी राहिली आणि दशक संपता संपता माजी सैनिकांच्या रुग्णालयांत देशभर पसरली. वॉर्डात रोज ट्रॉली ढकलणाऱ्या माणसालाच हे सुचावं, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

यंत्राचं काम समजायला सोपं आहे. भरती होताना पेशंटच्या मनगटावर कोड छापलेली पट्टी बांधतात. डॉक्टर औषध कागदावर न लिहिता संगणकात नोंदवतात, फार्मासिस्ट ते तपासतो. औषधाच्या प्रत्येक मात्रेवर स्वतःचा कोड असतो. देण्याच्या वेळी सिस्टर आधी मनगटाची पट्टी स्कॅन करतात, मग औषध. पेशंट, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याचा मार्ग यांपैकी काही जुळलं नाही, की पडद्यावर इशारा येतो. सगळं जुळलं तर दिल्याची नोंद आपोआप होते, ड्युटी संपताना आठवून लिहावी लागत नाही.

बोस्टनच्याच ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात याची कसून मोजणी झाली आणि ती २०१० साली छापून आली. १४,०४१ वेळा औषध दिलं जाताना निरीक्षकांनी पाहिलं. वेळेच्या चुका बाजूला ठेवल्या, तर कोड नसलेल्या वॉर्डांत चुकांचं प्रमाण ११.५ टक्के होतं, कोड असलेल्या वॉर्डांत ६.८. पेशंटला इजा होऊ शकेल अशा चुका ३.१ टक्क्यांवरून १.६ वर आल्या. शीटवर उतरवून घेताना होणाऱ्या चुका पूर्णच संपल्या, कारण उतरवून घेणंच उरलं नाही.

आता आपल्याकडे पाहू. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं. डोलो, कॅलपॉल, शेलकॅल, अ‍ॅलेग्रा ही त्यातली घरोघरी ठाऊक असलेली नावं. कोडमध्ये औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनी, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक एवढी माहिती असते. नियम चांगला आहे, मात्र तो बनावट औषध ओळखण्यासाठी केलेला आहे. वेष्टनावर जागा पुरत नसेल तर कोड बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे. खोकं स्टोअरमध्ये राहतं आणि कापलेली स्ट्रिप वॉर्डात जाते.

जालन्याच्या माणसाला ही अडचण चटकन कळेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं ही या गावाची ओळख आहे. बियाण्याच्या पिशवीचं सत्य तपासता यावं म्हणून केंद्र सरकारनेही २०२३ मध्येच क्यूआर कोडची 'साथी' प्रणाली आणली. पेरणी झाली तरी पिशवी, टॅग आणि पावती पीक हाती येईपर्यंत जपा, असं कृषी विभाग दर हंगामात बजावतो, कारण बी एकदा मातीत गेलं की ते कुठल्या लॉटचं हे फक्त टॅग सांगतो. खोक्याबाहेर पडलेल्या गोळीला मात्र तेवढाही टॅग नसतो. कातर वेडीवाकडी चालली तर मुदतीची तारीखही कापली जाते.

म्हणून कंपनीच्या कोडवर विसंबून भागत नाही. रुग्णालयाच्या फार्मसीनेच एकेक मात्रा वेगळी पाकीटबंद करून तिच्यावर लेबल लावायला हवं. ब्रिगहॅमलाही तेच करावं लागलं होतं, कारण निम्म्या वाटेवर कोड संपला तर स्कॅनर निरुपयोगी ठरतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला माणसं लागतात. स्कॅनरच्या खरेदीचा प्रस्ताव मंजूर होतो आणि लेबल लावणाऱ्याचं पद मंजूर होत नाही, असं झालं तर सगळा खर्च पाण्यात जाईल.

यंत्र आलं की चुका संपल्या, असंही कुणी समजू नये. रॉस कॉपल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकी रुग्णालयांतल्या पळवाटांचा अभ्यास केला. पंधरा प्रकारच्या पळवाटा आणि त्यांची एकतीस कारणं त्यांना सापडली. पेशंटच्या पट्टीची जादा प्रत काढून ती दुसरीकडेच चिकटवलेली, अनेकांची औषधं आधीच स्कॅन करून एकत्र नेलेली. कारणंही खरी होती: चुरगळलेला कोड, मान टाकलेली बॅटरी, तुटलेलं नेटवर्क, पेशंटला नेलेलं असणं. जालन्यात यात वीज जाण्याची भर घाला. शंभर वेळा चुकीचा इशारा देणाऱ्या यंत्राचा एकशे एकावा खरा इशाराही बोट आपोआप बाजूला सारतं. अशा वेळी सिस्टरवर कारवाई करणं सोपं असतं. अडथळा शोधून तो दूर करणं हे प्रशासनाचं काम आहे.

तरीही जालन्याला संधी आहे, असं मला मनापासून वाटतं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालना आहे. जुन्या संस्थेत सवयी मोडाव्या लागतात, इथे त्या घडवायच्या आहेत. सी-डॅकने बनवलेली ई-औषधी प्रणाली राज्याच्या सरकारी औषधसाठ्याचा हिशेब ठेवतेच. साठ्याची नोंद आहे म्हणजे निम्मा रस्ता झालेला आहे. उरलेला निम्मा स्टोअरच्या खिडकीपासून खाटेपर्यंतचा, आणि माणसं दगावतात ती त्या टप्प्यात.

सुरुवात अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांच्या कक्षापासून करावी, आणि मोजक्याच औषधांनी: इन्शुलिन, हेपॅरिन, तीव्र पोटॅशियम क्लोराइड. यात मात्रेची चूक सावरायला वेळ मिळत नाही. पोटॅशियमसारखी तीव्र द्रावणं आणि सारख्या दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या नावांची औषधं यांचा धोका जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच रुग्णसुरक्षेच्या आपल्या नऊ उपायांत नोंदवला होता. मनगटाच्या पट्टीवर कोडसोबत पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि गाव ठळक देवनागरीत छापावं, म्हणजे नेटवर्क गेलं तरी सिस्टरला वाचता येईल आणि उशाशी बसलेल्या नातेवाइकालाही. स्कॅनर कुठला घ्यायचा हे ठरवताना निविदेच्या टेबलावर रात्रपाळी करणाऱ्या दोन अधिपरिचारिका बसलेल्या असाव्यात, आणि नको म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा.