गव्हाचे अदृश्य सोबती

आमच्या मराठवाड्यांतील काळ्या जमिनींत चुन्याचा अंश बराच असतो. शेतकरी कर्ज काढून सुपर फॉस्फेट घालतो. परंतु त्यांतील विद्राव्य स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशीं संयोग पावून मुळांस अप्राप्य होतो. पेटींत धन असून किल्ली हरवावी, तशी गव्हाची अवस्था होते!

ही किल्ली कांहीं जिवाणूंपाशीं आहे. बॅसिलस व स्यूडोमोनस या वर्गांतील कित्येक जिवाणू मुळांभोंवतीं राहून सेंद्रिय अम्लें सोडितात. त्यांच्या योगानें चुन्याची पकड सुटते. परभणीच्या कृषि विद्यापीठांत (स्थापना १९७२) अशा जिवाणूंचें संवर्धन तयार होतें. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावें, सावलींत सुकवावें व लागलीच पेरावें. बुरशीनाशक लावणें असल्यास तें आधीं लावावें.

जिवाणू स्फुरद उत्पन्न मात्र करीत नाहींत; असलेलें मोकळें करितात. यास्तव खत अजीबात बंद करा, असा उपदेश कोणी केल्यास तो आम्हांस मान्य नाहीं. बागायती गव्हास हेक्टरीं ६० किलो स्फुरदाची शिफारस असते. तींत काटछाट करणें तें माती तपासूनच करावें. शेणखतहि घालावें, कारण या जिवाणूंनाहि अन्न लागतें.