पोटदुखी आणि गणिताचा गृहपाठ

पावसाळ्यात शाळा रुळल्या की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. नववी-दहावीचा मुलगा. सकाळी पोट दुखते, मळमळते, डबा तसाच परत येतो. तपासावे तर पोट मऊ, ताप नाही, वजन ठीक. मग आईच सांगते, "रविवारी मात्र दुखत नाही बघा, डॉक्टर."

इंदापूरकडून आलेल्या अशाच एका मुलाला मी विचारले, "गणिताचा गृहपाठ करतोस का?"

"रोज करतो."

"कशासाठी करतोस?"

मुलगा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "नाही केला तर वर्गात उभं करतात. घरी अण्णा बोलतात."

गृहपाठ झाला का, एवढेच आपण विचारतो. तो कशासाठी केला, हे विचारत नाही. वास्तविक हे कारण मोजता येते. रिचर्ड रायन व जेम्स कॉनेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली त्यासाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात कारणांचे चार गट आहेत :

१) धाक : मार बसेल, ओरडा बसेल, किंवा बक्षीस मिळेल.
२) लाज : केला नाही तर स्वतःचीच शरम वाटेल, लोक नावे ठेवतील.
३) उपयोग : हे मला यायला हवे, असे स्वतःला पटलेले.
४) गोडी : गणित सुटले की मजा वाटते.

प्रत्येक कारण आपल्याला किती लागू पडते, याला मूल १ ते ४ गुण देते. गोडीचे दुप्पट गुण आणि उपयोगाचे गुण यांच्या बेरजेतून लाजेचे गुण व धाकाचे दुप्पट गुण वजा करायचे. समजा धाक ४, लाज ३, उपयोग २, गोडी १. तर उत्तर येते उणे ७. वही पूर्ण असेल, पण अभ्यास मुलाचा स्वतःचा नाही.

त्या पाहणीत प्राथमिक शाळेतील मुले होती. लाजेपोटी अभ्यास करणारी मुले मेहनत घेत होती, पण त्यांच्यात चिंता अधिक होती आणि अपयश त्यांना जास्त लागत होते. उपयोग पटलेली व गोडी असलेली मुले अपयशातून चांगली सावरत होती. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. म्हणून भीतीने दुखणारे पोट खरोखरच दुखते. त्याला नाटक म्हणू नये.

पालकांनी काय करावे? "किती गणिते झाली?" याऐवजी "कोणते अडले?" असे विचारावे. ठिबकची नळी किती मीटर लागेल, उसाच्या बिलातून सोसायटीचे व्याज किती कापले, हे हिशेब मुलाकडून करून घ्यावेत. उपयोग असा पटतो. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना टाळावी.

गोडीसाठी एक खेळ सांगतो. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर होते. यात गुण नाहीत, धाकही नाही.

मात्र रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, वारंवार उलटी किंवा शौचातून रक्त असेल, तर गृहपाठाला दोष देऊ नका. तपासणी करून घ्या. "जगावंसं वाटत नाही" असे मूल म्हणाले, तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहोरात्र चालू असतो.

त्या मुलाला मी गोळ्या दिल्या नाहीत. अण्णांना तेवढे पुढच्या वेळी सोबत यायला सांगितले.