चार तारांचा नाद खुळा

ऊसतोडीवरून माणसं गावाकडं परतली की आपल्याकडं लग्नसराईला जोर येतो. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या आपल्या चौसाळ्यात एखाद्या संध्याकाळी नवरदेवाचा परण्या निघतो. तुम्ही घरात अभ्यास करत बसलेले असता. परण्या अजून लांब असतो, कुठलं गाणं चाललंय तेही कळत नाही. पण खालचा दणका आधीच पोहोचलेला असतो. दुकानाचं शटर थरथरतं, ताटलीत ठेवलेला चमचा वाजतो, छातीत काहीतरी हलतं. गाण्याचे शब्द आणि बेंजोची तान मागून येते.

तेच गाणं मग मोबाइलवर लावून बघा. शब्द आहेत, चाल आहे, पण ते छातीतलं हलणं गायब. कारण साधं आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. मोबाइलचा इवलासा स्पीकर एवढा खालचा सूर धड काढूच शकत नाही. म्हणजे आपण रोज जी गाणी ऐकतो, त्यांचा पाया आपल्याला ऐकूच येत नाही. बिचारा बेस वाजवणारा! स्टेजवर तो मागे उभा, गाण्यात तो खाली, आणि मोबाइलवर तर तो नाहीच.

आज याच वाद्याबद्दल बोलू. त्यातही त्याच्या जुन्या, विचित्र, वाकड्यातिकड्या भावंडांबद्दल. कारण जगभरातली तुमच्याच वयाची पोरं चकाचक नवा बेस सोडून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची खोडकर वाद्यं शोधत फिरतात. का फिरतात?

लिपस्टिकच्या नळीतला आवाज

आधी थोडी गोष्ट. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या माणसानं ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नव्हता. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बेस उभा करून वाजवावा लागायचा. फेंडरनं तो गळ्यात अडकवता येईल असा केला. तारेची वाजणारी लांबी ठेवली 34 इंच. आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात.

पण फेंडर महाग. मग बाकीच्यांनी काय केलं? हाताशी होतं त्यातून बेस बनवले. जर्मनीतली हॉफनर कंपनी व्हायोलिन बनवण्यात मुरलेली, तर त्यांनी 1956 मध्ये बेसच व्हायोलिनच्या आकाराचा केला, आतून पोकळ, जेमतेम 30 इंची. अमेरिकेत नॅथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं तर कमालच केली. लाकडी चौकटीवर मॅसोनाइट, म्हणजे आपण कपाटाच्या पाठीला ठोकतो तसला हार्डबोर्ड लावला. आणि तारेचा थरार पकडणारं पिकअप कशात बसवलं? लिपस्टिकच्या धातूच्या नळीत! 1958 च्या त्यांच्या ‘लाँगहॉर्न’ बेसला बैलासारखी दोन लांब शिंगं होती. पोळ्याला सजवून काढावा असा.

ही वाद्यं स्वस्त होती, आणि त्यात खोडी होत्या. हॉफनरची घोडी, म्हणजे ज्यावर तारा टेकतात तो लाकडी तुकडा, नुसत्या तारांच्या दाबानं जागेवर राहते. धक्का लागला की सरकते आणि सूर बिघडतात. पोकळ अंगामुळे आवाज फार वाढवला की वाद्य घुमायला, किंचाळायला लागतं. वाजवलेला सूरही लगेच विरतो.

पण गंमत बघा. तार आखूड, म्हणून ती सैल. सैल, म्हणून आवाज गोल आणि मऊ. त्यात पोकळ अंग, म्हणून ‘धुम्’ करून पटकन थांबणारा ठोका. जो दोष म्हणून सांगितला, तोच त्याचा आवाज! 1961 मध्ये हॅम्बुर्गला पॉल मॅकार्टनी यांनी हा बेस घेतला, त्याची कारणंही अगदी तुमच्या-आमच्यासारखी. एक, तो फेंडरपेक्षा स्वस्त होता. दोन, ते डावखुरे, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्यानं हा बेस उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. पुढं बीटल्सनी काय केलं ते जगाला माहीत आहे. तो पहिला बेस 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि तब्बल पन्नास वर्षांनी सापडून 2024 मध्ये मालकाकडं परत आल्याचं जाहीर झालं. इतकी वर्षं तो कुणाच्या तरी माळ्यावर पडून होता.

फसलेलं यंत्र आणि मुंबईचा वादक

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडं? आपल्याकडंही बेस जुनाच आहे. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस तुम्ही शंभर वेळा ऐकलाय, नाव मात्र पहिल्यांदा वाचत असाल. पण खोडकर वाद्याची खरी गोष्ट आहे ती चरणजित सिंग यांची.

मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं वाजवणारे हे वादक. त्याच काळात जपानच्या रोलँड कंपनीनं टीबी-303 नावाची चपटी, चंदेरी डबी काढली. उद्देश एकच, बेसवाला मिळाला नाही तर या डबीनं बेस वाजवावा. पण ती बेससारखी वाजेचना. चिकट, चिवचिवणारा, भलताच आवाज. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि 1984 मध्ये उत्पादन बंद पडलं. कंपनीच्या लेखी विषय संपला.

चरणजित सिंग यांनी मात्र त्या डबीत वेगळंच काही ऐकलं. 1982 मध्ये त्यांनी तिच्यावर आणि आणखी दोन यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून अख्खी रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी विचारलं नाही. 1987 मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटानं त्याच डबीच्या विचित्र आवाजावर ‘अॅसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा नवा प्रकार गाजवला. 2010 मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. अरे, हा मुंबईचा माणूस पाच वर्षं आधीच तिथं पोहोचला होता! 2015 मध्ये ते गेले, पण निदान ही दाद त्यांच्या कानावर पडली.

खोड आपल्या घरात

आता परत परण्यात चला. तो बेंजो आठवतोय? त्याची बटणं कुठून आली माहितीय? 1912 मध्ये जपानमधल्या नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ‘ताइशोगोतो’ हे तारवाद्य बनवलं. ते भारतात आलं, बुलबुल तरंग झालं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावलं, कर्ण्यातून वाजवलं आणि मिरवणुकीत आणलं. लिपस्टिकच्या नळीइतकाच हा जुगाड भारी आहे. आणखी मागं जा. याच महामार्गानं खाली गेलं की तुळजापूर. तिथल्या गोंधळ्यांचं तुणतुणं म्हणजे एक तार, एक काठी, कातड्यानं मढवलेलं एक नळकांडं. सोबतच्या संबळाच्या जोडीत एक आवाज खर्जाचा असतोच. खर्जाचं वेड आपल्याला गिटारनं लावलेलं नाही.

म्हणून ‘माझ्याकडं पैसे नाहीत, ब्रँडेड वाद्य नाही, मी कसलं म्युझिक करणार’ असं म्हणून तुम्ही थांबला असाल, तर जरा विचार करा. या लेखातल्या बहुतेकांकडं सगळ्यात भारी वाद्य नव्हतं. हातात आलेल्या वाद्याची खोड त्यांनी ओळखली आणि तिच्याशी जमवून घेतलं.

मात्र जुनं ते सोनं म्हणून काहीही गळ्यात बांधून घेऊ नका. संभाजीनगर-पुण्यात सेकंडहँड बेस बघायला गेलात, तर एवढं तपासा. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बघा. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. मोकळी तार आणि त्याच तारेचा बाराव्या फ्रेटवरचा सूर मोबाइलच्या ट्यूनर अॅपवर लावून बघा. दोन्हीकडं एकाच सुराचं नाव यायला हवं, वरचं फक्त एक सप्तक चढं. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा धूळ असते, साफ करता येते. 30 इंची बेसला तारा त्याच मापाच्या घ्या. आणि जुना अॅम्प्लिफायर अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नका, शॉक बसला तर नाद अंगाशी येईल.

बेस परवडत नसेल तर आधी घरात शोधा. आजोबांची पेटी, काकांचा बुलबुल तरंग, भजनी मंडळातलं फुटकं तुणतुणं. बरंचसं किलोच्या भावानं भंगारात जातं, कारण ‘वाजत नाही’ असं कुणीतरी म्हणतं. भंगारवाल्याची हाक ऐकू यायच्या आत ते एकदा खाली काढा, फडक्यानं पुसा आणि ज्याला वाजवता येतं त्याला विचारा, ‘याचं नेमकं काय बिघडलंय?’ आणि पुढचा परण्या दारावरून जाईल तेव्हा बेंजोवाल्यापाशी दोन मिनिटं थांबा. त्यानं त्या वाद्यात स्वतः काय काय बदललंय ते विचारा. सांगायला त्याच्याकडं खूप असेल, आजवर बहुधा कुणी विचारलेलं नसेल.