जुनं मोटरहोम घेताय? सोफा नंतर, आधी चॅसी!

अमेरिकेतले श्रोते विचारतात, जुनं गॅस मोटरहोम घेताना काय बघायचं? (तिकडे गॅस म्हणजे आपलं पेट्रोल.) माझं उत्तर एकच: चॅसी. वरचं घर एक कंपनी बांधते. खालचा सांगाडा, इंजिन, ब्रेक मात्र बहुतेकदा फोर्डचे किंवा वर्कहॉर्सचे.

फोर्ड एफ-५३ च्या जुन्या गाड्यांत ६.८ लिटरचं व्ही-१० इंजिन सापडेल. सुरुवातीच्या इंजिनांत स्पार्क प्लग उडून बाहेर यायचे, म्हणून सर्व्हिसची बिलं मागाच. २००६ पासून पाच गिअरचा ऑटोमॅटिक आला, तो चढाला बरा.

वर्कहॉर्स डब्ल्यू-२२ मध्ये जीएमचं ८.१ लिटर इंजिन आणि ॲलिसनचा गिअरबॉक्स. ओढायला दमदार! पण त्याच्या ब्रेक कॅलिपरसाठी रिकॉल निघाला होता. ते काम झाल्याचा कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता गणित. गाडीचं कमाल वजन प्लेटवर लिहिलेलं असतं. गाडी वजनकाट्यावर न्या आणि वजाबाकी करा. उरेल त्यात माणसं, सामान, पाणी सगळं बसवायचं. ७५ गॅलनची टाकी भरली की नुसतं पाणीच २८० किलोच्या वर जातं. आकडा ओलांडलात की उतारावर ब्रेक तापतात, टायर फुटू शकतात.

टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं होतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले स्क्रीन चकाचक दिसली म्हणून कोड पास करत नाही. तुम्हीही आधी गाडीखाली वाकून बघा, मग सोफ्यावर बसा.